काय जमलं आणि काय मिळालं?

व्हिडिओ गेममधली मोटार शर्यत म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. सुसाट धावणाऱ्या गाड्या, एकमेकींना दिलेल्या धडका आणि पडद्यासमोर डोळे विस्फारून बसलेला मुलगा. ‘ग्रॅन टुरिस्मो’ या गेममधली लायसन्सची पहिली परीक्षा मात्र अगदीच वेगळी असते. गाडी सुरू करा, वेग घ्या आणि पुढं आखलेल्या चौकटीत ती थांबवा. चौकट ओलांडलीत तर नापास. चौकटीत थांबलात, पण ठरलेल्या वेळेत नाही, तरीही नापास. वेगाच्या या खेळाचा पहिला धडा थांबण्याचा आहे.

काझुनोरी यामाउची या जपानी निर्मात्यानं हा गेम तयार केला. सुमारे पाच वर्षांच्या कामानंतर डिसेंबर १९९७ मध्ये तो जपानमध्ये बाजारात आला आणि त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. या मालिकेतला सातवा गेम मार्च २०२२ मध्ये आला. खऱ्या गाड्यांचं वजन, टायरची पकड, इंजिनाची ताकद यांचं गणित मांडून गाडी पडद्यावर जशीच्या तशी वागवायची, ही या गेमची ओळख. अशा गेमना ‘सिम्युलेशन’ म्हणतात.

घरात असा गेम शिरला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती वेळ खेळतोस?’ प्रश्न योग्यच आहे, पण अपुरा आहे. कारण या गेममध्ये वर चढायच्या दोन शिड्या आहेत. एक कौशल्याची, दुसरी कमाईची. एकाच पडद्यावर, एकाच बैठकीत खेळाडू या दोन्हींवर असतो. मेंदूला मात्र त्या दोघींकडून वेगवेगळी शिकवण मिळते.

लायसन्सची शिडी

सातवा गेम आला तेव्हा त्यात पाच लायसन्स होती आणि प्रत्येकासाठी दहा परीक्षा. म्हणजे एकूण पन्नास. सुरुवातीच्या परीक्षा काही सेकंदांच्या असतात. एकच वळण, एकच चढ किंवा ब्रेक लावण्याची एकच जागा. पाचव्या ‘सुपर’ लायसन्सपर्यंत पोहोचल्यावर ट्रॅकची पूर्ण फेरी मारावी लागते. प्रत्येक परीक्षेत कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशी तीन पदकं. सगळ्या परीक्षांत किमान कांस्य मिळालं की लायसन्स हातात.

या परीक्षा म्हणजे पदार्थविज्ञानाचे छोटे छोटे धडेच आहेत. एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या प्रत्येकाला त्यातला एक आधीपासून ठाऊक असतो. चालकानं ब्रेक दाबला की सगळे पुढं झुकतात. गाडीचंही तसंच होतं. ब्रेक लावताच तिचा भार पुढच्या चाकांवर येतो, त्यांची पकड वाढते आणि मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी कुणी झटक्यानं स्टीअरिंग वळवलं, तर हलकी झालेली मागची बाजू घसरते आणि गाडी गरकन फिरते.

दुसरा धडा टायरचा. टायरची पकड ही महिन्याच्या ठरावीक पगारासारखी असते. ब्रेकवर जास्त खर्च केला, तर वळायला कमी उरते. म्हणून नवखा खेळाडू वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबतो, तेव्हा गाडी वळायचं सोडून सरळ बाहेर जाते. ब्रेक आधी, वळण नंतर, वेग शेवटी, हा क्रम अंगवळणी पडायला अनेकांना तीसचाळीस प्रयत्न लागतात.

तिसरा धडा वळणाच्या भूमितीचा. वळणाची त्रिज्या जितकी मोठी, तितक्या अधिक वेगानं ते घेता येतं. त्रिज्या दुप्पट झाली, तर तेवढ्याच पकडीवर वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढवता येतो. म्हणूनच शर्यतीतले चालक वळणाच्या बाहेरच्या कडेनं येतात, आतल्या कडेला स्पर्श करतात आणि पुन्हा बाहेर जातात. रस्ता तोच, पण गाडीनं आखलेली रेष अधिक सपाट. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, हा नियम तर पहिल्याच परीक्षेत शिकायला मिळतो.

मेंदू शिकतो कसा?

अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसता सराव आणि हेतुपूर्वक केलेला सराव यांत फरक असतो, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. हेतुपूर्वक सरावात काम लहान तुकड्यांत मोडलेलं असतं, ते आपल्या कुवतीच्या थोडंसं पलीकडचं असतं, चूक लगेच कळते आणि लगेच पुन्हा प्रयत्न करता येतो. लायसन्सच्या परीक्षेत या चारही गोष्टी आहेत. तबल्याच्या वर्गात गुरुजी एकच बोल पन्नास वेळा वाजवून घेतात, तसाच हा प्रकार.

नजरेचंही शिक्षण होतं. मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी १९९४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं, की वळणदार रस्त्यावर चालकाची नजर वळणाच्या एक-दोन सेकंद आधीच त्याच्या आतल्या कडेवरच्या एका विशिष्ट बिंदूकडे जाते. नवखा खेळाडू गाडीच्या नाकाकडे पाहतो. सरावलेला खेळाडू पुढच्या वळणाकडे पाहतो आणि हात आपोआप नजरेच्या मागं जातात.

अशा गेमचा हातांवर काही परिणाम होतो का, हे तपासणारा एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲक्शन गेम न खेळणाऱ्या काही जणांना ‘मारिओ कार्ट’ हा गाड्यांचा गेम पाच ते दहा तास खेळायला दिला. प्रयोगशाळेतल्या हात आणि डोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीत त्यांची कामगिरी सुधारली. मनोरंजन पार्क उभारण्याचा संथ गेम खेळलेल्यांची सुधारली नाही. म्हणजे गेम खेळल्यानं काहीच शिकायला मिळत नाही, हे खरं नाही.

या शिकण्याचा एक भाग मात्र पडद्यासमोर होतच नाही. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बोटांच्या हालचालींचा एक क्रम काही जणांना शिकवला. रात्रभर झोपून उठल्यावर त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला होता. तेवढेच तास जागं राहिलेल्यांमध्ये अशी वाढ दिसली नाही. या आकड्यावर पुढं चर्चा झाली, पण शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा असतो, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. रात्री शंभर वेळा न जमलेलं वळण सकाळी तिसऱ्याच प्रयत्नात जमल्याचा अनुभव खेळाडू सांगतात, तो याच्याशी जुळतो. म्हणून ‘हे सुवर्ण मिळवल्याशिवाय झोपणार नाही’ हा हट्ट त्या सुवर्णाच्याही फायद्याचा नसतो.

कमाईची शिडी

आता दुसरी शिडी. सातव्या गेममध्ये खेळाडूची सुरुवात एका साध्या, वापरलेल्या छोट्या गाडीनं होते. त्या पहिल्या गाड्यांपैकी एक होंडा फिट, म्हणजे आपल्याकडे ‘जॅझ’ नावानं विकली गेलेली गाडी. गेममध्ये एक कॅफे आहे. तिथला मालक तुम्हाला एकेक ‘मेन्यू’ देतो. अमुक शर्यती जिंका, तमुक तीन गाड्या मिळवा. तीन डझनांहून अधिक मेन्यू पूर्ण करता करता खेळाडूला गाड्यांचा इतिहासही कळत जातो. इथपर्यंत सगळं छान आहे.

शर्यत जिंकली की ‘क्रेडिट’ मिळतात. क्रेडिट म्हणजे गेममधला पैसा. त्यातून नव्या गाड्या, टायर आणि सुटे भाग घ्यायचे. सर्वांत महागड्या, दुर्मीळ गाड्यांची किंमत २ कोटी क्रेडिटपर्यंत जाते. त्या दुकानातला माल ठरावीक दिवसांनी बदलतो. ‘थोडेच नग शिल्लक’, ‘विकली गेली’ अशा पाट्या दिसतात. पडद्यावरची गाडी ही संगणकातली नोंद आहे, तिचे नग संपण्याचं काही कारण नाही. टंचाई मुद्दाम घडवलेली आहे.

एका दिवसात मॅरेथॉनच्या अंतराइतकं, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर, गाडी चालवली की एक सोडतीचं तिकीट मिळतं. ताशी १५० किलोमीटरच्या सरासरीनं हे अंतर सतरा मिनिटांत पार होतं. तिकिटावर गाडी, सुटा भाग किंवा क्रेडिट, काहीही निघू शकतं. बऱ्याचदा त्यातलं लहानसंच बक्षीस निघतं, अशी खेळाडूंची तक्रार असते. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा ४२ किलोमीटर.

असं का होतं, याचं उत्तर जुन्या प्रयोगांत आहे. अनिश्चित अंतरानं मिळणारं बक्षीस प्राण्यांना नियमित बक्षिसापेक्षा अधिक चिकाटीनं कळ दाबायला लावतं, हे बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यातच दाखवलं होतं. लंडनमधल्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये आठ पुरुषांना पैशाच्या बक्षिसासाठी रणगाडा चालवण्याचा गेम खेळायला लावलं आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. खेळताना मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन हे रसायन अधिक स्रवताना दिसलं. याचा अर्थ डोपामिन म्हणजे व्यसन, असा नाही. नवं शिकतानाही तेच रसायन काम करतं. प्रश्न आहे तो, मेंदू कशाची अपेक्षा करायला शिकतो, याचा. सुधारलेल्या फेरीची, की सोडतीची?

या शिडीवर खऱ्या पैशाचीही एक पायरी आहे. गेम बाजारात आला तेव्हा अमेरिकेत २० लाख क्रेडिट १९.९९ डॉलरना मिळत होते. त्या हिशोबानं २ कोटींची एक गाडी सुमारे २०० डॉलरना पडते. मार्च २०२२ मध्ये, गेम येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, एका अपडेटमध्ये काही शर्यतींची बक्षिसं कमी करण्यात आली. म्हणजे त्याच गाडीसाठी अधिक तास घालवा किंवा पैसे भरा. त्याच सुमारास सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. गेमचा बराचसा भाग इंटरनेटशिवाय चालत नसल्यानं विकत घेतलेला गेम लोकांना खेळता येईना. गाड्यांच्या किमतींतून त्यांचं खरं मोल आणि दुर्मीळपणा जाणवावा, अशी भूमिका यामाउची यांनी मांडली. खेळाडूंचा संताप त्यानं शमला नाही. अखेर त्यांनी माफी मागितली, खेळाडूंना १० लाख क्रेडिट दिले आणि पुढच्या महिन्यात बक्षिसं वाढवण्यात आली.

या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट झाली. लायसन्सच्या परीक्षेत सुवर्ण मिळायला किती वेळ लागेल, हे तुमच्या हातांवर आणि नजरेवर ठरतं. २ कोटींची गाडी मिळायला किती तास लागतील, हे निर्माते ठरवतात आणि ते एका रात्रीत बदलू शकतात.

यंत्रालाही बक्षीस लागतं

बक्षिसाचा वागण्यावर किती परिणाम होतो, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा याच गेमनं दिला. सोनीच्या संशोधकांनी ‘सोफी’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता तयार केली. तिला गाडी कशी चालवायची, हे कुणी शिकवलं नाही. फक्त गुण ठरवून दिले. ट्रॅकवर पुढं गेलात तर गुण अधिक, ट्रॅक सोडलात, भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला धडकलात तर गुण वजा. काही तासांत सोफी ट्रॅकवर गाडी चालवायला शिकली. एक-दोन दिवसांत ती ९५ टक्के मानवी खेळाडूंपेक्षा वेगवान झाली.

तरी जुलै २०२१ मध्ये अव्वल खेळाडूंबरोबरच्या सांघिक लढतीत माणसं जिंकली. कारण शर्यत म्हणजे नुसता वेग नव्हे. दुसऱ्याला जागा देणं, धोका ओळखणं, तरीही दबून न जाणं, हे सगळं त्यात येतं. धडकेची शिक्षा सौम्य ठेवली तर यंत्र दांडगाई करतं, अतिकडक केली तर भित्रं होतं. संशोधकांनी प्रशिक्षणात सुधारणा केल्या आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सोफीच्या संघानं माणसांना १०४ विरुद्ध ५२ गुणांनी हरवलं. हे संशोधन फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. जशी शाबासकी, तशी वागणूक, हे यंत्राच्या बाबतीत आकड्यांत मोजता आलं.

मग माणसाचं काय? गाड्यांचे गेम खेळून मुलं रस्त्यावर बेदरकार होतात का, हा प्रश्न जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ पीटर फिशर आणि सहकाऱ्यांनी तपासला. २००७ च्या त्यांच्या अभ्यासात, शर्यतीचे गेम खेळलेल्यांनी त्यानंतर पडद्यावर दाखवलेल्या वाहतुकीच्या प्रसंगांत अधिक धोका पत्करला. २००९ मध्ये त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. तेव्हा दिसलं, की हा परिणाम वाहतुकीचे नियम मोडण्याला बक्षीस देणाऱ्या गेमपुरताच होता. नियमभंगाला बक्षीस न देणाऱ्या शर्यतींच्या गेममध्ये तो दिसला नाही. हे प्रयोग थोड्या वेळापुरते आणि प्रयोगशाळेतले होते, हे लक्षात ठेवायला हवं. तरी गेमच्या डब्यावर गाडीचं चित्र आहे की नाही, यापेक्षा त्यात शाबासकी कशाला मिळते, हे पाहणं शहाणपणाचं.

पडद्यावरून ट्रॅकवर

या गेमनं खरोखरचे शर्यतपटूही दिले आहेत. निसान आणि सोनी यांनी २००८ मध्ये ‘जीटी अकादमी’ सुरू केली. गेममधल्या वेगवान खेळाडूंना निवडून खऱ्या ट्रॅकवर तयार करायचं, ही कल्पना. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनेझ. २०११ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात दुसरा आला. त्याच वर्षी अकादमी जिंकलेल्या ब्रिटनच्या यान मार्डनबरोचा संघ २०१३ मध्ये तिथंच आपल्या गटात तिसरा आला.

ट्रॅकची ओळख, वळणाची रेष, ब्रेकची जागा ही शिदोरी ते गेममधून घेऊन आले होते. पण वळणात शरीरावर येणारा जोर पेलणारी मान, बंदिस्त गाडीतल्या उकाड्यात टिकणारी ताकद आणि पोटात उठणारी भीती यांची तालीम पडद्यावर होत नाही. ती त्यांना व्यायाम, प्रशिक्षण आणि खऱ्या शर्यतींतून वेगळी करावी लागली. मार्च २०१५ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर एका उंचवट्यावर मार्डनबरोची गाडी हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे पडली. एका प्रेक्षकाचा जीव गेला. हाच ट्रॅक गेममध्येही आहे. तिथं अशा उड्डाणानंतर एक बटण दाबलं की गाडी पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभी राहते.

अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीच ‘मला गाडी येते’ म्हणणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. गेममुळे वळणाचं गणित कळतं. पण आपल्या रस्त्यावर उलट दिशेनं येणारी दुचाकी, मध्येच थांबणारी रिक्षा आणि चेंडूमागं धावणारं मूल गेममध्ये नसतं.

घरात काय पाहावं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. निदानासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणं आणि नुकसान होत असूनही खेळ चालू राहणं किंवा वाढणं. यामुळे अभ्यास, नोकरी, नाती यांवर गंभीर परिणाम व्हायला हवा आणि साधारणपणे हे वर्षभर दिसायला हवं. खेळणाऱ्यांतल्या थोड्याच लोकांना हा आजार होतो, असं संघटनाही सांगते. त्यामुळे सुट्टीत चार तास खेळलेल्या मुलाला रोगी ठरवू नये. पण झोप, जेवण, शाळा आणि मित्र सुटत चालले असतील, तर वाट पाहत बसू नये. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचार केंद्र आहे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

त्याआधी करण्याजोग्या साध्या गोष्टी आहेत. खरेदीसाठी कार्डाची माहिती गेमच्या खात्यात साठवून ठेवू नये. थांबण्याची वेळ घड्याळावर ठरवण्याऐवजी ‘ही परीक्षा झाली की बंद’ अशी ठरवली, तर भांडण कमी होतं, कारण परीक्षा काही सेकंदांची किंवा मिनिटांची असते. मात्र ‘पास झालो की बंद’ असं ठरवू नये. त्याला रात्र पुरत नाही. झोपेच्या तासभर आधी पडदा बंद करावा. आणि एकदा तरी मुलाशेजारी बसून कंट्रोलर आपल्या हातात घ्यावा. चौकटीत गाडी थांबवणं किती अवघड आहे, हे कळलं की बोलायला विषय मिळतो.

रोज संध्याकाळी दोन प्रश्न विचारून पाहा. ‘आज काय जमलं?’ आणि ‘आज काय मिळालं?’ पहिल्या प्रश्नाला भरभरून उत्तर आलं, त्यानं एखादं वळण हातवारे करून समजावून सांगितलं, तर तो लायसन्सच्या शिडीवर आहे. त्या शिडीला शेवटची पायरी आहे. दुसऱ्याच प्रश्नाला रोज उत्तर मिळत असेल, पहिल्याला नुसते खांदे उडवले जात असतील, तर मूल ज्या शिडीवर आहे तिची लांबी दुसरंच कुणीतरी वाढवत असतं. तिथून त्याला खाली उतरवायला हात द्यावा लागतो.